भिक्षूच्या कॅरेक्टर शीटवर आधी काय लिहायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोलप्लेइंग गेम्सवरच्या (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र व्हायचं आणि मिळून गोष्ट पुढे न्यायची, अशा खेळांवरच्या) आपल्या पुरवणीतल्या लेखात नवख्या खेळाडूंना सल्ला दिला होता, की खऱ्या धर्मपरंपरेतलं पात्र उभं करताना आदर बाळगा. याला कोण नाही म्हणेल? पण पात्र बनवायला बसलेल्या माणसापुढे कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद असतो आणि त्यावर आदराचा रकाना नसतो. तिथे असतात हिट पॉइंट्स (पात्र किती मार सोसेल त्याचा आकडा), शस्त्रं, मंत्र आणि लेव्हल, म्हणजे पात्र चढून आलेली पायरी. तेव्हा त्या कागदावर नेमकं काय लिहायचं, यासाठी हे पत्र.

खेळाचं गणित कमाईचं आहे. लेव्हल चढली की अंगात नवी शक्ती येते. परंपरांचा क्रम बहुतेकदा उलटा असतो. आधी दीक्षा, नेम, वर्ज्य गोष्टी, कुणाला तरी बांधील असणं. शक्ती आलीच तर फार नंतर, आणि आली तरी तिचं प्रदर्शन करायला मनाई. पात्र बिघडतं ते इथे. खेळाडू शक्तीपासून सुरुवात करतो, वरून भगवं कापड गुंडाळतो आणि झाला साधू.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच एका खेळात मंक हा क्लास, म्हणजे पात्राचा तयार साचा, 1975 पासून आहे. निःशस्त्र लढणारा, पुढे पुढे भिंतीवरून पळणारा. समजा कुणाला याच क्लासमधून थेरवादी बौद्ध भिक्षू उभा करायचा आहे. नुसतं 'बौद्ध' लिहून भागत नाही, कारण झेन, तिबेटी आणि थेरवादी भिक्षूंचा दिनक्रम एकसारखा नाही. थेरवाद म्हटलं की पाली विनय, म्हणजे भिक्षूंची शिस्तसंहिता आली आणि पातिमोक्ख या तिच्यातल्या नियमावलीचे 227 नियम आले. त्यातले काही वाचताना वाटतं, खेळातल्या पात्रांच्या साहसी टोळीची पंचाईत व्हावी म्हणूनच ते केलेत. सोनं-चांदी, पैसा स्वीकारायचा नाही. माध्यान्ह टळली की जेवायचं नाही. जमीन खणायची नाही, झाडझुडूप तोडायचं नाही, मद्य घ्यायचं नाही. उपसंपदा (भिक्षूची पूर्ण दीक्षा) न झालेल्या माणसाबरोबर एका छपराखाली ओळीने दोन-तीन रात्रींहून जास्त झोपायचं नाही. मोहिमेवर निघालेलं सैन्य योग्य कारणाशिवाय बघायलासुद्धा जायचं नाही.

हे झाले लहान नियम. चार अपराध असे, की घडले की भिक्षुपणच संपलं. त्यांना पाराजिक म्हणतात. मैथुन, चोरी आणि मनुष्यवध हे तीन कुणीही ओळखेल. चौथा आहे आपल्याकडे नसलेली अलौकिक सिद्धी असल्याचं जाणूनबुजून सांगणं. आणि सिद्धी खरोखर असली तर? ती गृहस्थांसमोर दाखवणं हाही दोष, फक्त हलका. त्याला दुक्कट म्हणतात. विनयपिटकात त्याची कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचं भिक्षापात्र उंचावर टांगलं आणि सांगितलं, जो सिद्धीच्या बळावर उतरवेल त्याचं. पिंडोल भारद्वाज हवेत उडाले आणि पात्र घेऊन आले. लोक जयजयकार करत मागे लागले. बुद्धांनी मात्र त्यांची खरडपट्टी काढली, पात्र फोडून त्याची भुकटी करायला लावली आणि नियम घालून दिला. भिंतीवरून पळणाऱ्या मंकला गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, तर त्या रात्री त्याला झोप लागेल का? एवढ्या एका प्रश्नावर पात्र उभं राहतं.

आता हे 227 नियम टेबलावर आणले तर बाकीचे चार जण उठून जातील. म्हणून तीनच निवडा. एक असा, जो सगळ्या टोळीला जाणवेल. पैशाचा नियम त्यासाठी उत्तम. एक असा, ज्याचा त्रास एकट्या पात्राला होईल, जसं दुपारनंतरचा उपास. आणि एक असा, जो आज ना उद्या मोडणारच; मुक्कामाच्या रात्रींचा किंवा सैन्याचा. पैशाच्या नियमातून विनयानेच वाट ठेवली आहे. भिक्षूच्या गरजेच्या वस्तूंची सोय करणारा गृहस्थ असतो, त्याला कप्पियकारक म्हणतात. ही भूमिका दुसऱ्या खेळाडूच्या चोर पात्राला द्या. लुटीच्या वाटणीच्या वेळी दोघांमध्ये जे संभाषण होतं, ते कुठल्याही गेम मास्टरला, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याला, आधी लिहून ठेवता येणार नाही.

नियम मोडला तर काय, हेही शीटवर हवं. इथे गेम मास्टर हमखास घसरतात. जुन्या पॅलाडिनच्या (व्रत मोडलं की शक्ती गमावणाऱ्या धर्मयोद्ध्याच्या) सवयीने ते लगेच शक्ती काढून घेतात, खेळाडू रुसतो, वाद होतो. विनयात अशी कुठलीच वीज कोसळत नाही. हलका दोष दुसऱ्या भिक्षूपाशी कबूल करायचा असतो. पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी पातिमोक्खाचं पठण होतं आणि त्याला किमान चार भिक्षू लागतात. म्हणजे खेळातल्या कालगणनेत दर पंधरा दिवसांनी या पात्राला विहार गाठायचा आहे. नकाशावर विहार कुठे आहे, वाटेत नदी आहे का, गेम मास्टरने बघून ठेवावं.

शब्दांचंही पाहायला हवं. लिच नावाचा मृत जादूगार आपला आत्मा ज्या वस्तूत लपवतो, तिला या खेळात कित्येक वर्षं 'फिलॅक्टरी' म्हणत. तो शब्द ग्रीक आहे आणि ज्यूंच्या तेफिलिनसाठी वापरला जातो. तेफिलिन म्हणजे तोराहमधली वचनं लिहिलेल्या चर्मपत्राच्या पट्ट्या आत असलेल्या दोन काळ्या चामडी डब्या. सकाळच्या प्रार्थनेला एक दंडावर, एक कपाळावर बांधतात. खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत लिचच्या वस्तूचं वर्णन काय, तर मंत्र लिहिलेल्या चर्मपत्राच्या पट्ट्या असलेली धातूची बंद पेटी. योगायोग म्हणायला जागा नाही. नव्या आवृत्तीत तिचं 'स्पिरिट जार' झालं आहे, ते बरं झालं. याच खेळाच्या 1980 सालच्या 'डीटीज अँड डेमीगॉड्स'मध्ये इंद्र, विष्णू आणि काली यांना हिट पॉइंट्स दिले होते. ज्याला हिट पॉइंट्स आहेत त्याला मारता येतं, आणि टेबलावर कुणीतरी ते करून बघतंच. जिवंत परंपरेतल्या देवतेला आकडे देऊच नयेत. ती पात्राच्या वागण्यात दिसावी, रणांगणावर नको.

खेळांमध्ये हैतीच्या वोडू या धर्माचं सर्वांत जास्त वाटोळं झालं आहे, म्हणून त्याबद्दल थोडं. टाचण्या टोचलेली बाहुली हा त्याचा गाभा नाही. एक दूरस्थ ईश्वर, बोंद्ये. माणसांचा रोजचा संबंध त्याच्याशी येत नाही, तो येतो ल्वा नावाच्या आत्म्यांशी. विधीत आधी लेग्बाला आवाहन करतात, कारण दार तो उघडतो. प्रत्येक ल्वाचं वेवे, म्हणजे रेखाचिन्ह, मक्याच्या पिठाने जमिनीवर काढतात. पुरोहिताला हुंगान, पुरोहितेला माम्बो म्हणतात. ज्याच्या अंगात ल्वा येतो त्याला 'घोडा' म्हणतात, आणि त्याला नंतर काही आठवत नाही. खेळात याचं रूपांतर 'दहा फेऱ्या हल्ल्याला अधिक दोन' अशा नुसत्या लढाईतल्या फायद्यात होतं. खेळाडूच ल्वावर मांड ठोकून बसतो, म्हणजे सगळंच उलटं झालं. त्यापेक्षा असं करा: ल्वा आला की पात्राची सूत्रं दहा मिनिटांसाठी दुसऱ्या खेळाडूकडे द्या आणि मूळ खेळाडूला खोलीबाहेर पाठवा. परत आल्यावर टोळीने काय सांगायचं आणि काय लपवायचं ते ठरवावं. मात्र हे सगळं तोंडी सांगा. डोळे फिरवून, अंग घुसळून नक्कल करू नका. ल्वाचा आवाज काढणंही नको.

काही गोष्टी घ्यायच्याच नसतात. अमेरिकेतले मूळनिवासी नावाहो लोक स्किनवॉकरबद्दल (प्राण्याचं रूप घेणाऱ्या दुष्ट मांत्रिकाबद्दल) परक्यांशी बोलणं टाळतात, आणि त्यांच्या कोयोटीच्या कथा फक्त हिवाळ्यात सांगायच्या असतात. अशा ठिकाणी नाव बदलून तेच वापरणं ही पळवाट झाली. स्वतःचा राक्षस रचा.

खलनायक मात्र जरूर करा. लोभी पुजारी, ढोंगी गुरू कुठल्या परंपरेत नसतात? पण गोष्टीत त्या परंपरेचा तो एकटाच माणूस असेल, तर ती परंपराच खलनायक ठरते. त्याच पंथातली आणखी दोन माणसं ठेवा आणि त्यांचं एकमेकांशी न पटणारं ठेवा. सगळे संत असले तरी पात्रं मेलीच म्हणून समजा.

हे सगळं पहिल्या सेशनच्या आधी, ज्याला सेशन झीरो म्हणतात, त्यात अर्ध्या तासात बोलून होतं. कुठली परंपरा, कुठल्या काळातली, काय दाखवायचं नाही. टेबलावर एक्स कार्ड ठेवा. कुणीही त्याला हात लावला की प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. आणि त्या परंपरेतलाच कुणी खेळायला बसला असेल, तर दर पाच मिनिटांनी 'हे बरोबर ना रे?' असं विचारून त्याला पंच बनवू नका. तोही फासे टाकायलाच आलेला असतो.

आपला,
एक वाचक