पाचोळा पेटवू नका, आम्हाला द्या

मा. संपादक,

माघ सरत आला की आमच्या अंगणातला देशी बदाम लालेलाल होतो आणि मग महिनाभर पानं गाळत राहतो. रस्त्यावरच्या शिरीषाचा बारीक पाला वाऱ्याबरोबर दारात येतो. रोज सकाळी झाडून दोन पाट्या निघतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती साडेसहाच्या धुराची.

शेजारच्या सोसायटीत पाचोळा कोपऱ्यात लोटून त्याला काडी लावतात. दवानं ओलसर झालेली पानं धड पेटत नाहीत, नुसती धुमसतात. गारठ्यात धूर वर चढत नाही, आमच्या खिडक्यांपाशीच रेंगाळतो. माझ्या यजमानांना दमा आहे. गेल्या आठवड्यात दोनदा खिडक्यांच्या फटींत ओले पंचे कोंबून आणि हातात पंप घेऊन आम्ही बसून होतो. माळ्याला मी दोष देत नाही. आठच्या आत आवार लख्ख दिसलं पाहिजे, एवढंच त्याला सांगितलेलं असतं. पाचोळा टाकायचा कुठे, हे कोणीच सांगत नाही.

उघड्यावर कचरा जाळायला 2016 च्या घनकचरा नियमांनीच मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं 5000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवून दिली. पण मला कोणाला दंड व्हायला नको आहे, मला तो पाचोळा हवा आहे.

माझं माहेर देवगडकडचं. तिथे याला पातेरा म्हणतात. आई हारे भरभरून पातेरा गोठ्यात पसरायची, शेणामुतात भिजला की तोच माडांच्या आळ्यात जायचा. शहरात गोठा नाही, म्हणून मी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणून तीन फूट रुंदीचं गोल कडं उभं केलं. फूटभर पाचोळा, त्यावर शेणकाला, पाण्याचा शिपका, मग पायानं दाबायचं आणि पुन्हा पुढचा थर. कोरड्या पानांत नत्र कमी असतं, त्यामुळे नुसती रचून ठेवली तर ती लवकर कुजत नाहीत. शेणानं काम होतं. बदामाची पानं मात्र जाड, ती आधी हातानं चुरावी लागतात.

गेल्या वर्षी 20 पोती पाचोळा त्यात जिरला. दसऱ्याला जाळी उचलली तर खाली काळंभोर, भुसभुशीत खत! पानांच्या शिरांचे तुकडे तेवढे ओळखू येत होते. अडीच पोती निघाली. शिवाय स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत रोज मूठभर चुरा टाकला की वास येत नाही, चिलटं होत नाहीत. एकीकडे गच्चीवर बाग करणारे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, विकत आणतात आणि खाली त्यांच्याच आवारात पानं जळत असतात, हे पाहवत नाही.

सोसायट्यांनी एक कोपरा या कड्यासाठी द्यावा. ज्यांना जागा नाही, त्यांच्याकडून फेब्रुवारी ते एप्रिल आठवड्यातून एक फेरी नुसत्या पाचोळ्याची उचल नगरपालिका-महापालिकांनी करावी, तो ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नये.

शेजारच्या सेक्रेटरींशी बोलणं झालं आहे. या रविवारी ते सहा पोती पाठवणार आहेत. माझ्या कड्यात चारच मावतील. उरलेली दोन आमच्या फाटकापाशी ठेवते, कोणीही न्यावीत.

— एक निवृत्त शिक्षिका