स्वयंसेवक मिळत नाहीत की टिकू दिले जात नाहीत?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सोलापूरच्या संग्रहालयातल्या मुलांच्या दालनाला 'वारंवार आवाहन करूनही स्वयंसेवक मिळत नाहीत' ही कालच्या अंकातली बातमी वाचून रात्री झोप लागली नाही. आपल्या बातमीदाराने व्यवस्थापनाला विचारले, पण येऊन परत गेलेल्यांपैकी एकालाही विचारले नाही. मी त्यांतलाच एक.

शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, यंत्रमागांची जोडणी-दुरुस्ती करणारा जॉबर म्हणून माझे आयुष्य गेले. दालनात जकार्डचा, म्हणजे भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणारा माग मांडलाय हे कळल्यावर मी आपण होऊन गेलो. पैसे नकोत, फक्त चादरीवर नक्षी कशी उमटते ते मुलांना दाखवू द्या, म्हणालो. नाव लिहून घेतले आणि हातात शिट्टी दिली. काम काय, तर रांग सांभाळायची.

एका दुपारी महापालिकेच्या शाळेतली मुले आली होती. एक मुलगी मागापाशी रेंगाळली. तिची आई घरी कांड्यांवर सूत भरते, आजोबा मागावर होते, असे तिने तेलुगूत सांगितले. मी तिला जकार्डची कार्डे दाखवली. भोक असेल तिथे सुई आत शिरते, हूक वर उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, तो धागा उठतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. एका कार्डावर एकच बाणा, म्हणजे एकच आडवा धागा, म्हणून एका मोरासाठी कार्डांची लांबच लांब माळ लागते. माग बंदच होता. तिने एका भोकात बोट घातले आणि विचारले, "मग मोर कार्डात असतो की सुतात?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मालकाने नाही की व्यापाऱ्याने नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडले तोच तिथले एक कर्मचारी ओरडले, "हात लावायचा नाही, पाटी दिसत नाही का?" मुलीने बोट काढले आणि रांगेत जाऊन उभी राहिली. मला सगळ्या वर्गासमोर ऐकवले, "तुम्हाला शिस्तीसाठी घेतलंय, शिकवायला नाही." त्यानंतर मी गेलो नाही. आजही वाईट वाटते ते माझ्या अपमानापेक्षा त्या पोरीचे. तिच्या आजोबांचा धंदा तिच्यासमोर मांडला होता आणि तिलाच त्याला हात लावायची मनाई!

मुलांसाठीचे पहिले संग्रहालय १८९९ मध्ये अमेरिकेत ब्रुकलिनला निघाले. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ मध्ये मुलांचे संग्रहालय सुरू केले, तेव्हा मांडणीत मुलांनाही सामील करून घेतले. लांब कशाला, आपल्या केगावच्या विज्ञान केंद्रात मुले स्वतः प्रयोग करून बघतात. मग काचेत ठेवण्यासारखे नसलेले लोखंडी यंत्र आमच्याच पोरांपासून का लपवायचे? कार्ड फाटले तर दुसरे ठोकून देणारे हात या गावात अजून आहेत.

आणि बातमीत नव्हते म्हणून सांगतो. त्या दालनात प्यायला पाणी नाही. सोलापूरच्या मे महिन्यात मुले उन्हात रांगेत उभी असतात आणि बाई बाटलीतले घोट घोट वाटतात. शहराला रोज पाणी येत नाही हे मान्य, पण एक पिंप भरून ठेवणे कुणाच्या अखत्यारीत येते ते कळले तर बरे होईल.

व्यवस्थापनाला खरोखर माणसे हवी असतील तर पूर्व भागात एक फेरी मारावी. कार्ड ठोकणारे, ताणा करणारे, रंगाईवाले असे कितीतरी निवृत्त कारागीर घरी बसून आहेत. त्यांना शिट्टी देऊ नका. आठवड्यातून एक दिवस माग चालू करू द्या आणि मुलांना कार्डे हाताळू द्या. एवढे लेखी मिळाले तर मी उद्यापासून यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त जॉबर, पूर्व भाग, सोलापूर