तुळशीचं तेल म्हणजे नेमकं कुठलं?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत घरगुती उपायांत तुळशीच्या तेलाचं वाचलं. कृती दिलीय घरी खोबरेलात पाला मुरवायची आणि खाली लगेच "दोन थेंब चहात टाका" असं आहे, आता लोक घरी करायचा कंटाळा करणार आणि बाजारातली छोटी बाटली आणून त्यातलेच थेंब टाकणार. माझं मेडिकल आहे, पुरवणी आली की दुसऱ्या दिवशी काउंटरवर कात्रण घेऊन माणसं हजर असतात, म्हणून लिहितोय.

छोट्या बाटलीतलं तेल वाफेवर काढलेलं असतं, शंभर किलो ओल्या पाल्यातून अर्धा किलो निघालं तरी खूप झालं, म्हणजे किती कडक असेल बघा! त्यात बहुतेक वेळा युजेनॉल भरपूर असतं, लवंगेच्या तेलात असतं तेच. हे पोटात घ्यायचं नाही, अंगाला नुसतं लावायचं नाही. ३० मिली खोबरेलात किंवा तिळाच्या तेलात ५-६ थेंब पुरे आणि तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. आंघोळीच्या बादलीतही नको, पाण्यात ते मिसळत नाही, वर तरंगतं आणि कातडीला चिकटून आग करतं. गरोदर बाई, तान्हं बाळ, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असलेले आजोबा, यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. कानात, नाकात कुणाच्याच नको.

घरचं मुरवलेलं तेल सौम्य असतं, पण तिथं लोक ओला पालाच तेलात बुडवतात आणि चार दिवसात बुरशी. पानं धुऊन सावलीत कुरकुरीत वाळू द्या, चुरा करा, कोरड्या काचेच्या बरणीत पाला पूर्ण बुडेल इतकं तेल घाला, गॅसवर पातेल्यात पाणी ठेवून त्यात बरणी उभी करा, मंद आचेवर दोनेक तास. उकळी नको. मग मलमलच्या कापडातून गाळून गडद रंगाच्या बाटलीत भरा, तारीख लिहा, फ्रीजमध्ये ठेवा, खवट वास आला की सरळ टाकून द्या. डोक्याला, सांध्याला चोळायला छान आहे, खाण्यात मात्र हेही नको.

लहान मुलानं बाजारातलं तेल प्यायलं तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. एवढं तरी पुढच्या पुरवणीत चौकट करून छापा.

आणि जमलं तर फोटोही बदला. मोठी गुळगुळीत चकचकीत पानं दिसतायत, तो सब्जा आहे, दारातली तुळस नाही.

आपला,
एक मेडिकलवाला, सातारा