पाण्याबाहेरचे मॉस

संपादक महोदय,

मत्स्यपेटी बाळगणाऱ्या अनेकांची अशी समजूत असते की, जावा मॉस (मत्स्यपेटीत वाढवतात ती शेवाळासारखी हिरवी वनस्पती) पाण्याबाहेर काढले की मेलेच. प्रत्यक्षात या वनस्पतीला खरी मुळे नसतात. ती पाणी आणि क्षार थेट पानांतून शोषते. शिवाय कार्बन डायऑक्साइड पाण्यापेक्षा हवेत सुमारे १०,००० पट वेगाने पसरत असल्यामुळे, ओलावा टिकवला तर ती बाहेरही उत्तम वाढते. (मराठीत आपण मॉस आणि अल्गी या दोहोंनाही शेवाळच म्हणतो, त्यामुळे दुकानात हमखास घोळ होतो.)

मी मॉस कात्रीने बारीक चिरून ओबडधोबड दगडावर पातळ थरात पसरले आणि तो दगड श्रीखंडाच्या रिकाम्या पारदर्शक डब्यात झाकण लावून ठेवला. ते ताकात कालवून लावण्याचा सल्ला मी एकदा मानला होता. आठवड्याभरात दगडावर पांढरी बुरशी चढली. त्यापेक्षा साध्या पाण्याचा फवारा बरा, मात्र तो बोअरवेलच्या जड पाण्याचा नको, कारण ते वाळले की पानांवर क्षारांचा पांढरा थर बसतो.

नागपुरात खरी परीक्षा उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा खिडकीतल्या उन्हात बंद डब्यातील मॉस अक्षरशः शिजते. म्हणून डबा कूलरच्या खोलीत, उजेडात पण थेट उन्हापासून दूर ठेवावा. पुढे दगड मत्स्यपेटीच्या पाण्यात सोडल्यावर काही जुनी पाने तपकिरी पडतात. नवी फूट येईपर्यंत ती उपटून टाकू नयेत.

आपला,
एक वाचक, नागपूर