‘फक्त क्रोममध्येच उघडा’ ही सूचना कशासाठी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे किंवा भरतीचे ऑनलाइन अर्ज भरताना ‘हे संकेतस्थळ फक्त गुगल क्रोममध्येच उघडावे’ अशी सूचना अनेकदा वाचायला मिळते आणि आपण ती निमूटपणे पाळतो. वेब प्रोग्रामिंग शिकवणारा म्हणून मला तिचा अर्थ एवढाच दिसतो, की काम घेणाऱ्याने इतर ब्राउझरमध्ये चाचणी केलेली नाही. आयफोनवर तर ही सूचना निरर्थकच ठरते, कारण ॲपलच्या नियमामुळे आपल्याकडे आयफोनवरचे क्रोमही ॲपलच्या सफारी ब्राउझरच्याच वेबकिट इंजिनावर (पान वाचून पडद्यावर मांडणाऱ्या गाभ्यावर) चालते.

अशाच एका अर्जाच्या पानावर माझ्या विद्यार्थिनीच्या जुन्या आयफोनवर ‘पुढे जा’ हे बटण कितीही दाबले तरी काहीच होत नव्हते. मोबाइल क्रमांक तपासणाऱ्या जावास्क्रिप्टच्या ओळीत ‘लुकबिहाइंड’ (एखाद्या अक्षरसमूहाच्या आधी काय आहे ते पाहणारी) ही रचना वापरलेली होती. क्रोमला ती 2017 पासून आणि फायरफॉक्सला 2020 पासून कळते, सफारीला मात्र मार्च 2023 मधल्या 16.4 या आवृत्तीपासून कळू लागली. त्याआधीच्या सफारीत अशी एक ओळ आली की ती संपूर्ण फाइलच नाकारली जाते, त्यामुळे वापरणाऱ्याला कसलाही संदेश न दिसता बटण मुके राहते. आयफोनच्या सेटिंगमधले ‘वेब इन्स्पेक्टर’ सुरू करून तो केबलने ॲपलच्या मॅक संगणकाला जोडला असता, तर कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या चौकटीत) ही चूक पहिल्याच मिनिटाला लाल अक्षरांत दिसली असती.

मॅक सर्वांकडे नसतो, हे मान्य. पण क्रोम, एज आणि फायरफॉक्ससाठी तीही सबब चालत नाही. व्हीएस कोडसारख्या मोफत एडिटरमध्ये क्रोम व एजसाठीचा डिबगर (चूक शोधण्याचे साधन) आतच येतो आणि फायरफॉक्ससाठी एक एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) घालावे लागते. डिबगर कसा सुरू करायचा हे सांगणाऱ्या प्रकल्पाच्या ‘लाँच डॉट जेसन’ फाइलमध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्हींच्या नोंदी करून त्या ‘कंपाउंड’ म्हणून एकत्र बांधल्या, की एकाच वेळी दोन्ही ब्राउझर उघडतात. मग ओळीच्या डावीकडे ब्रेकपॉइंटचा लाल ठिपका ठेवला, की दोन्हीकडे प्रोग्राम त्याच ओळीवर थांबतो आणि एकाच चलाची दोन ठिकाणची किंमत ताडून पाहता येते. कोड आकुंचित करून चढवलेला असला, तर सोर्स मॅप (मूळ ओळींशी जुळणी सांगणारी फाइल) सोबत हवा, नाहीतर ठिपका भलत्याच ओळीवर जाऊन बसतो. एवढे सोपे असूनही आमच्या महाविद्यालयांतून मुले बाहेर पडतात ती ठिकठिकाणी ‘कन्सोल डॉट लॉग’ ही किंमत छापून पाहण्याची आज्ञा पेरण्याची सवय घेऊनच (आणि त्यातल्या निम्म्या ओळी पुसायच्या राहून जातात). हा दोष मुलांपेक्षा प्रात्यक्षिकाच्या परीक्षेचा आहे, कारण तिथे ‘आउटपुट’ दिसले की गुण मिळतात. ते कोणत्या ब्राउझरमध्ये दिसले, हे कोणी विचारत नाही.

तेव्हा शासकीय व निमशासकीय संकेतस्थळांच्या निविदांत क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींवरील चाचणीचा अहवाल सक्तीचा करावा, त्यात आयफोनची किमान एक जुनी आवृत्ती असावी आणि तो अहवाल हाती आल्याशिवाय शेवटचे देयक मंजूर करू नये. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळांनीही प्रात्यक्षिकात मुद्दाम बिघडवलेले एक पान देऊन त्यातली चूक ब्रेकपॉइंट लावून दोन ब्राउझरमध्ये शोधायला सांगावी.

– एक संगणक-शिक्षक, सातारा