शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी माणसं हवी आहेत, थोडे पैसेही

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबं पाडव्याच्या मागंपुढं गावी परततात. त्याच सुमारास, १ एप्रिलला, नवं आर्थिक वर्ष लागतं आणि उत्पन्नाचा नवा दाखला काढता येतो. आई-वडील घरी, बारावीची परीक्षा संपलेली, प्रवेशाला अजून अवकाश, असा योग वर्षातून एकदाच येतो, तो एप्रिल-मे महिन्यांत. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या तालुक्यात या दोन महिन्यांत वाचनालयाच्या वतीनं दर रविवारी शिष्यवृत्ती मदत शिबिर भरवायचं ठरलं आहे. त्यासाठी हे आवाहन.

योजना नाहीत अशी आमची तक्रार नाही. अनुसूचित जातीच्या मुलांना अडीच लाखांच्या उत्पन्न मर्यादेत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आठ लाखांच्या आतल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानं इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास या प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार, स्वयम्, सावित्रीबाई फुले आधार अशा योजना आहेत. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या मुलाला त्यांतून वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळू शकतात.

गावात मात्र यातलं पोचतं ते एवढंच की ‘मुलींना आता सगळं फुकट आहे.’ फुकट आहे, पण आपोआप नाही. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सरकारी ‘कॅप’ फेऱ्यांतून, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली. शिवाय महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा, त्याचं दर वर्षी नूतनीकरण करायचं. हे न कळल्यामुळे दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडून परत आलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत.

अर्ज भरणं हे त्यातलं सोपं काम. ते मुलं मोबाइलवर भरतातही. अडतं ते आधी आणि नंतर.

आधी अडतं ते कागदांवर. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर १ जून. दोन्ही तारखा कुणीतरी अंदाजानं टाकलेल्या, पण पोर्टलला त्या जुळायला हव्या असतात. जात वैधता प्रमाणपत्राचं तर विचारूच नका. विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा घराण्याच्या जातीचा पुरावा लागतो, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. आता, ज्या घरातलं पहिलंच पोर बारावी झालं, त्याच्या आजोबांचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? मग चुलत आजोबा, आत्या, पणजोबांचा भाऊ असं करत वंशावळ काढायची. कुणीतरी दोन इयत्ता शिकलेलं निघतं. त्या शाळेतून प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मिळवायचा. नाहीच कुणी सापडलं तर जुनं महसुली दप्तर उलगडायचं. मराठवाड्यात त्यातला बराचसा भाग निजामाच्या काळातला, म्हणून उर्दूत नाहीतर मोडीत. गेल्या उन्हाळ्यात एका मुलाच्या पणजोबांचं नाव एका उर्दू नोंदीत सापडलं, आणि ते वाचून दिलं शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त उर्दू शिक्षकांनी. ते आधीच माहीत असतं तर त्या घरानं बीडला हेलपाटे घातले नसते.

उत्पन्नाच्या दाखल्याबाबतही एक भीती असते. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून कोयत्यामागं, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यामागं, मोठी उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती उत्पन्नात धरतील की काय, म्हणून लोक तलाठ्यासमोर बोलतच नाहीत. उचल हे अंगावरचं कर्ज आहे, उत्पन्न नव्हे. हे एवढं समजावून सांगायलाही कुणीतरी शेजारी बसावं लागतं. आणि स्टॅम्पपेपरचं : जात, उत्पन्न, रहिवासी, नॉन क्रीमीलेअर या दाखल्यांसाठीचं विद्यार्थ्याचं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं, ५०० रुपयांच्या मुद्रांकाची गरज नाही. महसूल विभागानं २०२५ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तरी कुणी मागितलाच, तर विकत घेण्याआधी आमच्याकडे या.

नंतरचं अडणं जास्त वाईट, कारण ते दिसत नाही. महाविद्यालयातून किंवा समाजकल्याण कार्यालयातून अर्ज त्रुटी काढून परत येतो. तोवर दिवाळी उलटलेली असते. मुलगी जिल्ह्याच्या गावी खोली करून राहते, आणि आधारला जोडलेला मोबाइल वडिलांच्या खिशात, सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याशा फडात. त्रुटी दुरुस्त करायला ओटीपी लागतो, तो काही मिनिटांत बाद होतो. वडील पहाटेपासून फडात, कोपीवर (राहायच्या खोपटात) वीज नाही, फोन बंद. संध्याकाळी गाडीतळावर, तोडणी मजुरांच्या तळावर, फोन चार्ज होतो तेव्हा मुलीच्या नावाचे पाच-सहा मेसेज एकदम येऊन पडतात, सगळे मुदत संपलेले. असे अर्ज नाकारले जात नाहीत, ते नुसते पडून राहतात, आणि मार्चमध्ये महाविद्यालय फीचा तगादा लावतं. म्हणून यंदा शिबिरात पहिलं काम : मुलाच्या आधारला मुलाचाच नंबर जोडून घ्यायचा.

दुसरं काम खात्याचं. लाडकी बहीण योजनेमुळे ‘आधार सीडिंग’ (बँक खात्याला आधार जोडणं) हा शब्द आता आजीलाही पाठ आहे, पण मुलांचं लक्ष नसतं. आठवडी बाजारात छत्री लावून बसलेल्या पोरानं सिमकार्डाबरोबर एक खातं काढून दिलेलं असतं, आणि आधार त्यालाच जोडलेलं असतं. शिष्यवृत्ती तिथं जाऊन पडते. मुलगा दुसऱ्याच बँकेचं पासबुक भरून आणतो आणि म्हणतो, सर, पैसे आलेच नाहीत.

तर आम्हाला हवेत : तालुक्याच्या कामकाजाची सवय असलेले निवृत्त तलाठी, मंडळ अधिकारी, शाळा-महाविद्यालयांतले लिपिक. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं, वय कितीही असो. शिष्यवृत्तीवर शिकून नोकरीला लागलेली आपल्याच तालुक्यातली मुलं-मुली. तुम्ही पुण्याला असाल तरी चालेल. दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा दहा मुलांचे अर्ज उघडून ‘परत आलाय का’ एवढं मुलासोबत फोनवर बसून पाहायचं आहे. संगणक येत नसेल तर मुलाबरोबर तहसीलला जा. आपल्याकडे एकट्या पोराला खिडकीवर ‘उद्या ये’ असंच ऐकावं लागतं, सोबत पांढऱ्या केसांचा माणूस असला की बहुधा आजच काम होतं. हे बरोबर नाही, पण आहे.

कारखान्यांच्या पट्ट्यात, म्हणजे सांगली, कोल्हापूर, सातारा, बारामतीकडं, कुणी ओळखीचे असतील तर त्यांनाही सांगा. गाडीतळाजवळ राहणारा, संध्याकाळी एक निरोप पोचवणारा माणूस आम्हाला हंगामभर हवा आहे.

पैशाचं सांगायचं तर एक स्कॅनर, एक प्रिंटर, चालू स्थितीतले दोन जुने लॅपटॉप, आणि दाखल्यांची सेवा शुल्कं व एसटीचं तिकीट यांसाठी छोटा निधी. वस्तू दिली तर उत्तमच. रोख दिली तर छापील पावती मिळेल आणि खर्चाचा हिशेब दर महिन्याला वाचनालयाच्या फलकावर लागेल. प्राप्तिकरात सूट मिळणारं प्रमाणपत्र संस्थेकडे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. रोख रक्कम कुठल्याही मुलाच्या हातात देत नाही. फी भरत नाही. तेवढी आमची ऐपत नाही, आणि जे सरकारनं द्यायचं ठरवलं आहे ते सरकारकडूनच मिळवावं असं आमचं मत आहे.

दोन गोष्टी आम्ही करत नाही. खोट्या उत्पन्नाच्या दाखल्याला मदत नाही, ओळखीचं घर असलं तरी नाही. आणि मूल स्वतः समोर नसेल तर अर्ज भरत नाही. पासवर्ड त्याचा, त्याच्याच वहीत लिहिलेला राहील. अर्जाचे पैसे कुणी मागितले तर तो आमचा माणूस नाही.

ज्यांना काम करायचं आहे त्यांनी पाडव्याच्या आधी वाचनालयात येऊन ग्रंथपालांकडे नाव, गाव आणि कोणता वार जमेल ते लिहून द्यावं. वाचनालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं. पालकांनी पहिल्या रविवारी येताना मुलाचं आधार, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड आणि घरात असतील नसतील ती सगळी पासबुकं आणावीत. आजोबांच्या काळातला कसलाही कागद ट्रंकेत असेल तर तोही, कितीही फाटका असला तरी.

आपले,
कार्यकारी मंडळ व शिष्यवृत्ती मदत गट, सार्वजनिक वाचनालय