वरच्या मजल्यावरच्या दादांना

दादा, नमस्कार.

नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. आयटी पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

ऐन आंबिया बहारात, संत्र्यांच्या पेट्यांच्या ऑर्डरी धडाधड येत असताना आमची साइट मध्येच ५०४ दाखवायची, म्हणजे मागच्या सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही. ज्यांना वर्षभराच्या मेंटेनन्सचे पैसे आगाऊ मोजले होते, त्यांचा फोनवर एकच मंत्र, 'रीस्टार्ट मारा.' मारला की चालायचं, ते तक्रारीचं तिकीट बंद करून मोकळे, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. वर आम्हालाच ऐकवायचे, तुमचं नेट भंगार आहे म्हणून.

तुम्ही खाली येऊन पहिलंच बोललात, "रीस्टार्ट नका करू. बिघडून राहिलं तेव्हाच तर दिसते." आणि दिसलंच. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, एनजिनएक्स (ग्राहकांची मागणी मागच्या सर्व्हरकडे पोचवणारा प्रोग्रॅम) ज्या आयपीवर, म्हणजे आकडी पत्त्यावर, धडका मारत होता तो एक, आणि मागच्या सर्व्हरच्या त्याच नावाला डिग (नावावरून पत्ता विचारायची कमांड) दाखवत होतं तो भलताच. क्लाउडच्या लोड बॅलन्सरचे, म्हणजे सर्व्हरांत काम वाटून देणाऱ्या यंत्रणेचे, पत्ते बदलत राहतात. एनजिनएक्सनं मात्र सुरू होताना एकदा विचारलेला पत्ता धरून ठेवलेला. भाडेकरू कधीचा घर सोडून गेला आणि पोस्टमन जुन्याच दाराची कडी वाजवतोय! रीस्टार्टनं तात्पुरतं बरं का वाटायचं, तेही तिथंच उमगलं.

इलाज दोन ओळींचा निघाला. रिझॉल्व्हर, म्हणजे नावाचा पत्ता सांगणारा सर्व्हर, नेमून द्यायचा, आणि बॅकएंडचं (मागच्या सर्व्हरचं) नाव व्हेरिएबलमधून प्रॉक्सी पासला, म्हणजे मागणी कुठं पाठवायची त्या ओळीला, द्यायचं; मग एनजिनएक्स पत्ता अधूनमधून नव्यानं विचारत राहतो. (एनजिनएक्सच्या १.२७.३ पासून अपस्ट्रीममध्येच, म्हणजे मागच्या सर्व्हरांच्या यादीतच, 'रिझॉल्व्ह' लिहिता येतं, तेही फुकटच्या आवृत्तीत. आमची आवृत्ती जुनी.)

पण हे पत्र त्या दोन ओळींसाठी नाही.

आमची काटोलहून अप-डाउन करणारी पोरगी 'लॉगमधला आयपी जुना वाटतोय' असं आधीपासून सांगत होती. मेंटेनन्सवाल्यांनी तिला 'तू बाजूला हो' म्हटलं होतं. तुम्ही स्टूल ओढून तिच्या शेजारी बसलात, चहाचा कप दोन्ही हातांत धरलात आणि विचारलंत, "तुले काय वाटते?" कीबोर्डला शेवटपर्यंत हात लावला नाही. तिनं ओळ लिहिली, अर्धविराम राहिला, कॉन्फिगची, म्हणजे सेटिंगच्या फाइलची, तपासणी अडली. तुम्हाला ते आधीच दिसलं होतं, मी तुमच्याकडेच बघत होतो. तरी तुम्ही चहा पीत राहिलात. तिचं तिला सापडलं, तेव्हा फक्त "हां" म्हणालात.

ग्राहक खोळंबलेले असताना एवढा धीर धरणारा माणूस मी आमच्या धंद्यात क्वचित पाहिलाय. हुशार लोक पुष्कळ भेटतात हो, समोरच्याला हुशार होऊ देणारे कमी.

पैशांचा विषय काढला तर हात जोडून जिना चढून गेलात. ठीक आहे. मृग बहाराचा माल उतरला की पेटी वर येईल, ती पोरगीच आणून देईल. तिला परत पाठवू नका.